मारुतीच्या माळेतलं झाड

चाकण एमआयडीसीतली कुठलीही कंपनी घ्या. कंपाउंडच्या आत मेक्सिकन लॉन आणि रांगेत उभे पाम. कंपाउंडच्या बाहेर, गटार आणि रस्ता यांच्यामधल्या मुरमाड पट्ट्यात, रुई. तिला कोणी लावत नाही, कोणी पाणी घालत नाही, आणि जेसीबी फिरला तरी पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उभी असते. शेळ्या बाकी सगळं ओरबाडतात, हिच्या वाटेला जात नाहीत. महाळुंग्यापासून आंबेठाणपर्यंत शेतं गेली, बांध गेले, बांधावरच्या बोरी-बाभळी गेल्या. रुईला मात्र कारखानदारी मानवली. तिची पानं मुळातच पिठूळ पांढुरकी. ट्रकच्या धुळीनं ती जरा जास्त पांढरी दिसतात, इतकंच.

शनिवारी सकाळी तिला भाव येतो. कुरुळी, निघोजे, मोशी, कुठल्याही गावातल्या मारुतीसमोर पानांच्या माळा घेऊन कोणीतरी बसलेलं असतं. तेलाची बुटली, काळे उडीद, मीठ आणि रुईची माळ. देठ मोडून पान ओवताना पांढरा चीक टपटपतो आणि माळा करणाऱ्या बायकांची बोटं दुपारपर्यंत चिकट राहतात. रथसप्तमीला हीच पानं डोक्यावर, खांद्यांवर ठेवून अंघोळ करायची, कारण रुई म्हणजे अर्क, सूर्याचं झाड. दोन बायका वारलेल्या माणसाचं तिसरं लग्न आधी रुईशी लावायचे, म्हणजे पुढचं गंडांतर झाडावर जाईल आणि नवी नवरी वाचेल. झाडाला असं काम देणाऱ्यांनी त्याची मर्जी विचारली नसणार. घरगुती उपयोगही होते: पायात मोडलेला काटा वर यावा म्हणून त्यावर चीक लावणं, दुखऱ्या गुडघ्यावर तेल लावून शेकलेलं पान बांधणं. पण तोंडाच्या जवळपासही ती यायची नाही. आजीचा दम ठरलेला असायचा, रुईला हात लावलास तर आधी हात धू, डोळ्यात गेलं तर डोळा जाईल. आजी बरोबर होती. तो चीक डोळ्याच्या बुबुळाला इजा करतो आणि पोटात गेला तर हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं त्यात असतात.

म्हणून आमच्या कंपनीत ट्रेनिंगला आलेल्या एका नायजेरियन इंजिनिअरनं, गेटबाहेर चहा पिता पिता, त्या झुडपाकडे बोट दाखवून 'आमच्याकडे याचं चीज करतात' असं म्हटलं, तेव्हा मी त्याला दुरुस्त करायला निघाले होते. तो इलोरिनचा, क्वारा राज्यातला. योरुबा. झाडाला त्यांच्या भाषेत बोमुबोमु म्हणतात. त्यानं वाकून फूल पाहिलं. पाकळ्या उभ्या, आत वळलेल्या आणि टोकाला जांभळा ठिपका, म्हणजे हेच. आपल्याकडे दोन रुया आहेत. एकीची फुलं मोठी, फिकट जांभळी किंवा पांढरी आणि पाकळ्या पसरलेल्या; दुसरीची लहान, पेल्यासारखी. सेनेगलपासून सहाराच्या कडेकडेनं, अरबस्तान ओलांडून आपल्या दख्खनपर्यंत पसरलेली आहे ती ही लहान फुलांची. गेटबाहेरचं झाड तेच निघालं. त्याला याचं माझ्याइतकं नवल वाटलं नाही. त्याच्या गावात भाड्यानं फिरणाऱ्या मोटरसायकली बजाजच्या आणि पिवळ्या रिक्षाही बजाजच्याच. मग इकडच्या रस्त्यावर त्याचं झाड असलं तर बिघडलं काय?

त्या चीजला योरुबात वारा किंवा वारांकाशी म्हणतात; शेजारच्या बेनिन, टोगो, घानात वागाशी. करणाऱ्या बहुतेक फुलानी बायका. फुलानी म्हणजे पश्चिम आफ्रिकेतले गुराखी, गुरं घेऊन गवताच्या मागे फिरणारे. आपल्याकडच्या धनगरांची आठवण यावी असे, फक्त मेंढ्यांऐवजी लांब शिंगांच्या गाई. गाई पुरुषांच्या, पण दूध काढून झालं की ते बायकांचं. विकायचं, विरजायचं, चीज करायचं ते त्यांनी, आणि पैसेही बहुतेक त्यांच्याच गाठीला. माझा पाहुणा नुसता खाणारा होता. पण लहानपणी सुट्टीत मामाच्या गावाबाहेर त्यांचा तळ पडायचा तिथे जाऊन त्यानं सगळं पाहिलं होतं. मी नंतर जे काही वाचलं ते त्याच्या सांगण्याशी जुळत गेलं.

सकाळचं दूध तीन दगडांच्या चुलीवर, मंद आचेवर. ते कोमट होतंय तोवर रुईची पानं, थोड्या कोवळ्या देठासकट, उखळीत कुटायची. चोथा थोड्या दुधात कालवून गाळून घ्यायचा आणि ते हिरवट दूध भांड्यात सोडायचं. मग ढवळत राहायचं. काही वेळ काहीच होत नाही. नंतर कडेला दाणे दिसू लागतात, डावाच्या पाठीला चिकटतात, आणि बघता बघता दूध दोन गोष्टी होतं: वर पांढरी ढेकळं, खाली पिवळसर हिरवं पाणी. आता आच वाढवायची आणि चांगलं उकळू द्यायचं. उकळीनं पानातल्या पाचकरसाचं काम थांबतं. नाही थांबलं तर तो घट्ट झालेल्या दुधालाच पचवत बसेल. ढेकळं वेताच्या नाहीतर ताडपात्याच्या छोट्या टोपल्यांतून निथळायची. पाणी निघून जातं आणि टोपलीची वीण त्या वडीवर उमटते. नुसती निथळलेली वडी पुन्हा त्याच पाण्यात ठेवून डोक्यावरून बाजारात. पानं कमी पडली तर दूध जमत नाही, जास्त झाली तर कडू होतं. माप कुणी लिहून ठेवलेलं नाही.

शास्त्र एवढंच आहे की दुधातलं केसिन हे प्रथिन बारीक गोळ्यांनी तरंगत असतं, आणि प्रत्येक गोळीच्या अंगावर केसांसारखी लव असते, तिच्यामुळे त्या एकमेकींना चिकटत नाहीत. रुईच्या चिकातले प्रथिनं तोडणारे पाचकरस, कॅलोट्रोपेन म्हणतात तो त्यांच्यातलाच, ती लव कापतात. युरोपात हेच काम परंपरेनं वासराच्या पोटातलं रेनेट करतं. जो गुराखी गाईवर जगतो त्यानं वासरू मारून दूध जमवायचं म्हणजे भांडवलच खाण्यासारखं, आणि रस्त्याकडेचं झाड फुकट उभं होतं. विषारी झाडाच्या चिकातलं नेमकं किती, कधी, कुठल्या उकळीपर्यंत, हे शोधताना किती पोटं दुखली असतील याचा हिशेब इतिहासात नसतो. ज्यांच्या घरात हे पिढ्यान्पिढ्या आहे त्यांनी ते करावं. मी केलं नाही, आणि हे वाचून कुणी करू नये.

बेनिनच्या उत्तरेत, पाराकूच्या बाजूला, आणखी एक पायरी असते. तयार वड्या तांबड्या ज्वारीच्या ताटांच्या पातींबरोबर उकळतात आणि त्या गडद लाल होतात. मग उन्हात वाळवतात, दोनतीन दिवसांनी पुन्हा उकळतात, पुन्हा वाळवतात. बर्फ नाही, फ्रिज नाही, आणि समुद्रकाठचा मोठा बाजार चारेकशे किलोमीटर खाली. ज्वारी आपण पिढ्यान्पिढ्या खाल्ली, कडबा गुरांना घातला, पण तिच्या पातीत रंग आहे हे आपल्याला कधी कळलं नाही.

आपल्याकडे असं चीज का झालं नाही, हा प्रश्न मला रुईपेक्षाही जास्त पडला. गाय आपल्याकडे होती, रुई होती, ऊन होतं, ज्वारी होती. नासलेल्या दुधाची भीती हे पहिलं उत्तर सगळे देतात, आणि ते खोटं नाही. चुलीवर दूध फाटलं तर घरात कुजबूज व्हायची. ओडिशा-बंगालनं ती भीती केव्हाच टाकून छेन्याची अख्खी मिठाई उभी केली. आम्ही दूध फाटलं की साखर घालून कसंबसं ते सावरायचो आणि पोरांना द्यायचो. पण नुसत्या भीतीवर एवढं मोठं रिकामेपण टिकत नाही. मला वाटतं, दुधाला बाजारापर्यंत कापावं लागणारं अंतर हे खरं कारण. दूध टिकवायचं तर त्यातलं पाणी काढायचं. फुलानी बाईनं ते फोडून काढलं. त्याला जळण कमी लागतं. आपण आटवून काढलं. भूम, परांड्याच्या बाजूला बाजार लांब होता, तिथे खव्याच्या भट्ट्या लागल्या आणि कुंथलगिरीचा पेढा झाला. तो आपला वागाशी. पाच लिटर दुधाचा किलोभर खवा. त्यासाठी तासन्‌तास जाळ आणि तासन्‌तास कालथा. गोड आहे म्हणून तो सणाला गेला. वारा गोड नसतो, म्हणून तो रोजच्या रश्शात मांसाच्या जागी पडतो. गरिबाच्या ताटात प्रथिन कुठल्या वाटेनं येतं ते इथे ठरलं.

चाकणच्या खेड तालुक्याला तर आटवायचीही गरज पडली नाही. पुणे हाताशी होतं, मुंबईला रेल्वे होती, आणि दोन्ही शहरांना सकाळी उठल्याबरोबर चहा हवा होता. मग पिंपरीला 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, पाठोपाठ टेल्को आली, 1970 साली नगरपालिका झाली, 1982 साली महानगरपालिका; तिन्ही पाळ्यांचे कामगार आणि तिन्ही पाळ्यांचा चहा. सायकलीला कॅन अडकवून पहाटे निघायचं आणि रिकामे कॅन वाजवत परत यायचं. ज्या दुधाला दारातच गिऱ्हाईक आहे त्याचं कोण चीज करतो?

आता करतात, पण ते नाशिकच्या रस्त्यानं राजगुरुनगर ओलांडून पुढे, मंचरला. 1992 साली सुरू झालेल्या पराग मिल्क फूड्सचा तिथला प्रकल्प मोठा आहे, आणि आमच्या सोसायटीतली मुलं सँडविचमध्ये जे 'गो' चीज खातात ते त्यांचंच. ढाब्यांवरच्या पनीरबद्दल मी बोलणार नाही. पाम तेलाच्या पांढऱ्या तुकड्याला पनीर म्हणून ताटात वाढलं की तक्रार करायची कुणाकडे, हेही कळत नाही. पारशी लोकांचं टोपली पनीर मात्र एकदा तरी खावं. लहान टोपलीत जमवलेलं, आपल्याच पाण्यात तरंगणारं, बोट लावलं तर थरथरणारं. वाराचं आपल्या देशातलं सगळ्यात जवळचं नातं ते.

पाहुण्याला घरची आठवण यायला लागली होती, म्हणून मग मोशीला आमच्या घरी एका रविवारी प्रयोग ठरला. रुई नाही, लिंबू. आईला माझ्या भावाच्या गोठ्यातलं गाईचं दूध आणायला सांगितलं होतं. ते तिनं आणलं, पण लिंबू पिळताना ती शेजारून उठून गॅलरीत गेली.

"चांगलं दूध हातानं नासवायचं म्हणजे काय म्हणावं बाई," ती तिथून म्हणाली.

वेताची टोपली नव्हती. प्लॅस्टिकच्या स्ट्रॉबेरीच्या डब्याला भोकं पाडून घेतली आणि दही बांधायचं पंचाचं फडकं आत पसरलं. तासाभरानं वडी निघाली. बोटभर जाडीचे काप करून, मीठ आणि लाल तिखट चोळून, शेंगदाण्याच्या तेलात. लिंबाचं पनीर असल्यानं कडा जरा फुटल्या, रुईचं फुटत नाही म्हणाला. पण ते वितळलं नाही, आणि बाहेरून कुरकुरीत झालं तेव्हा आतून दातांखाली चुईं असा आवाज येत होता. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. चव नव्हती.

"थोडा कडवटपणा हवा," तो म्हणाला. "आणि थोडा धुराचा वास."

आईनं एक काप खाल्ला, दुसराही घेतला. "भजी म्हणून बरंय," असा निकाल दिला. उरलेल्या पाण्यात तिनं संध्याकाळची कणीक भिजवली. वाया जाऊ द्यायचं तिच्या हाताला माहीत नाही.

त्याला आपलं काही खाऊ घालायचं तर पनीर कशाला, हे आईनंच ठरवलं. भावाची गाय व्यायला आली होती. व्याल्यावर पहिलं दूध वासराला. ते पोटभर प्यालं की मग धार काढायची. पहिल्या धारेचं हे दूध म्हणजेही चीकच, गडद पिवळं आणि इतकं दाट की कासंडीच्या कडेला राहतं. तो नुसता चीक वाफवला तर खरवस रबरासारखा होतो, म्हणून त्यात साधं दूध घालतात. पहिल्या दिवसाच्या चिकात बरोबरीनं, दुसऱ्या दिवसाच्यात कमी. तिसऱ्या दिवसाच्या चिकाला फारसं घालता येत नाही, कारण तोच पातळ झालेला असतो. आई एका वाटीत थोडं मिश्रण वाफवून बघते आणि मग पुढचं ठरवते. गूळ, वेलदोडा, जायफळ. कुकरमध्ये शिट्टी न लावता ठेवायचं. केसिनचा इथे फारसा संबंध नाही. वासराला रोगांपासून वाचवण्यासाठी गाईनं जी प्रथिनं त्या दुधात भरलेली असतात ती उष्णतेनं अंड्यासारखी धरतात. कापल्यावर आत बारीक जाळी दिसते आणि ताटलीत थोडं पाणी सुटतं. दुकानातल्या चायना ग्रासच्या खरवसाला ना जाळी, ना पाणी. तो नुसताच गुळगुळीत.

त्यानं चमच्यानं तुकडा उचलला, आजूबाजूनं पाहिला आणि विचारलं, "यात कुठलं पान?"

मी सांगितलं, कुठलंच नाही. त्याला ते पटेना. कुठलंच पान नाही, लिंबू नाही, आंबवलेलं काही नाही, आणि हे दूध नुसत्या वाफेवर उभं राहतं? फुलानी लोक पहिल्या दिवसांचं दूध वासरालाच ठेवतात, असं तो म्हणाला. त्यांच्या सगळ्यांचंच तसं आहे की त्यानं पाहिलेल्या तळावर तसं होतं, हे मला सांगता येणार नाही. मग त्यानं दुसरा तुकडा घेतला. आईनं त्याच्या डब्यात बाकीचा भरून दिला आणि बजावलं, डबा धुऊन आणू नकोस. आमच्याकडे चिकाचं भांडं न धुता परत द्यायची रीत आहे, धुतलं तर गाईचं दूध आटतं म्हणतात. सोमवारी त्यानं डबा आणला तो न धुतलेला, आणि आत चार केळी.

चिकाची वाटावाटी आता कमी झाली आहे. पूर्वी गाय व्याली की आळीभर वाट्या फिरायच्या. आता चीक बाटलीतून विकला जातो, प्राधिकरणातल्या बंगल्यांतून आगाऊ मागणी असते, आणि त्यात गैर काही नाही. चाऱ्याचा भाव पाहिला तर उलट तेच शहाणपण. माझी तक्रार वेगळी आहे. दुधाची स्लिप भावाच्या नावावर, डेअरीचं खातं भावाच्या नावावर, आणि पहाटे चारला शेण काढणारी, धार काढणारी वहिनी. फुलानी बाईच्या गाठीच्या पैशाची गोष्ट मी तिला सांगितली तर ती हसली, आणि हात न थांबवता म्हणाली, "मग त्यांचे नवरे काय करतात?"

"गुरं राखतात," मी म्हटलं.

"कुठं?"

हा प्रश्न तिनं सहज विचारला, पण तो बरोबर जागी लागला. भावाच्या गावाला गायरान होतं. त्याच्या एका कडेनं आता कंटेनरचं पार्किंग आहे, दुसऱ्या कडेनं पत्र्याच्या खोल्या, ज्यांत झारखंड-ओडिशाची मुलं पाळीनं झोपतात. गुरं आता बांधूनच. पाहुण्याच्या देशातही गुरांच्या वाटांवर शेतं आणि वस्त्या आल्या आहेत, आणि तिथल्या शेतकरी-गुराख्यांच्या भांडणांत माणसं मरतात. इलोरिनला परतल्यावर त्यानं फोनवर सांगितलं की त्याच्या चौकात बसणारी वारावाली हल्ली रोज येत नाही. आली तर वडी आधीपेक्षा लहान आणि भाव जास्त. त्यानं घासाघीस केली का, असं मी विचारलं.

"नाही केली," तो म्हणाला. "तुझ्या वहिनीला सांग."